बाळाला शीची जागा नसेल तर : पहिल्या तासापासून घरी येईपर्यंत

बाळ जन्मले की आजी, मावशी, बाहेर बाकावर बसलेला बाप, सगळ्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. मुलगा की मुलगी? आणि रडले का? ही दोन उत्तरे मिळाली की बाळ दुपट्यात गुंडाळले जाते आणि फोन सुरू होतात. तिसरा प्रश्न फारसे कुणी विचारत नाही. बाळाला संडासची जागा आहे ना?

हसू नका. दर पाच हजार जन्मांमागे साधारण एक बाळ असे येते की त्याचे गुदद्वार तयारच झालेले नसते, किंवा ते भलत्याच ठिकाणी उघडलेले असते. बाकी बाळ गोंडस असते, रडते, अंगावर ओढते, वजनही चांगले असते. दोष फक्त लंगोट सोडून नीट पाहिल्यावरच दिसतो. पाहिले नाही तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोट नगाऱ्यासारखे फुगते, हिरवी उलटी होते आणि मग धावाधाव सुरू होते. वेळेत पाहिले तर हेच बाळ ऑपरेशन होऊन घरी येते, पुढे शाळेत जाते, मैदानात पळते. म्हणून या वेळच्या आरोग्याच्या पानावर या एकाच दोषाचा अभ्यास करू.

कुणाचा दोष?

हे आधीच निपटून टाकू, कारण बाळाच्या जीवाइतकाच इथे आईच्या मनाचाही प्रश्न आहे.

गर्भ साधारण चार ते आठ आठवड्यांचा असतो तेव्हा आतड्याचा खालचा भाग आणि लघवीचा मार्ग एकमेकांपासून वेगळे होतात. सुरुवातीला ती एकच पोकळी असते. मध्ये पडदा तयार होतो, पुढे लघवीचे आणि मागे संडासचे असे दोन रस्ते होतात. कधी हे काम अर्धवट राहते. आतडे खाली येऊन बंद गल्लीसारखे थांबते, किंवा एखाद्या बारीक वाटेने लघवीच्या नळीत किंवा योनीच्या तोंडाशी उघडते. हे सारे घडते तेव्हा कितीतरी बायांना आपण गरोदर आहोत याचा पत्ताही लागलेला नसतो. बहुतेक बाळांमध्ये याचे नेमके कारण सापडत नाही.

तेव्हा गरोदरपणी ग्रहणात भाजी चिरली म्हणून, कुणाच्या उंबरठ्यावर बसली म्हणून, पपई खाल्ली म्हणून, सटवाईने कपाळावर असे लिहिले म्हणून हे झाले नाही. सटवाईची पाचवी आपण सोडली असे आपण म्हणतो, पण आजारी बाळ घरात आले की ती मागच्या दाराने परत येते हेही आपण पाहिले आहे. आणि सुनेला पांढऱ्या पायाची म्हणणाऱ्या घरांना एकच विचारावेसे वाटते. रमाईंची चार लेकरे लहानपणीच गेली. त्यांना आपण माउली म्हणतो, भिंतीवर त्यांचा फोटो लावतो. मग त्याच भिंतीखाली बसून घरच्या लेकीसुनेला बोल कसा लावतो?

दुसरा राग डॉक्टरवर निघतो. ‘सोनोग्राफी दोनदा केली, तेव्हा दिसले कसे नाही?’ या दोषापुरते तरी उत्तर असे आहे की तो पोटातल्या सोनोग्राफीत क्वचितच दिसतो. पाठीच्या कण्याचे किंवा डोक्याचे मोठे दोष दिसतात, हा सहसा दिसत नाही. म्हणून जन्मानंतरची डोळ्यांची तपासणी इतकी महत्त्वाची.

पाहायचे कसे

बाळाला उजेडात, उबदार जागी उताणे धरा, दोन्ही पाय हळूच वर उचला आणि दोन्ही कुल्ल्यांच्या मध्ये पाहा. नेहमीच्या जागी नेहमीसारखे छिद्र दिसले पाहिजे. बोट घालायचे नाही, काडी घालायची नाही, थर्मामीटर घालायचा नाही, विड्याच्या पानाचा देठ तर मुळीच नाही. नुसते पाहायचे. शंका आली तर नर्सबाईंना किंवा डॉक्टरांना बोलावून ‘एकदा इथे बघा’ म्हणायचे. नवजात बाळाची डोक्यापासून पायापर्यंत तपासणी हे दवाखान्याचे कामच आहे. ती झाली का, हे विचारण्यात संकोच नको.

दुसरी खूण म्हणजे पहिली शी. पूर्ण दिवसांचे निरोगी बाळ बहुधा पहिल्या २४ तासांत काळपट हिरवी, डांबरासारखी चिकट शी करते. २४ तास उलटले आणि ती झालीच नाही, तर डॉक्टरांना सांगा. ‘होईल आज ना उद्या’ असे म्हणत घुटी पाजू नका, एरंडेल तर नाहीच.

फसगत होते ती इथे. मुलींमध्ये या दोषाचा जो प्रकार सर्वात जास्त आढळतो त्यात आतडे योनीच्या तोंडाशी बारीक छिद्राने उघडलेले असते. म्हणजे शी होते, दुपटे भरते, घरचे निश्चिंत राहतात. पण ती भलत्या वाटेने येत असते. पुढे बाळ वरचे खायला लागले, शी घट्ट झाली, की पोट तट्ट फुगायला लागते. काही मुली तर वर्ष-दोन वर्षांच्या झाल्यावर डॉक्टरांपर्यंत पोचतात. म्हणून शी झाली का एवढेच पाहू नका, ती कुठून झाली तेही पाहा. मुलग्यांमध्ये लघवीसोबत हिरवट काळे काही आले तर तीही तशीच खूण. मुलीला पुढे एकच छिद्र दिसत असेल, लघवी आणि शी त्यातूनच, तर तो जास्त गुंतागुंतीचा प्रकार असतो आणि त्याला उशीर अजिबात चालत नाही.

हिरवी उलटी हा शब्द या पानावर आधीही आला असेल, तरी पुन्हा लिहितो. नवजात बाळाची पांढरी दह्यासारखी उलटी बहुधा साधी असते. हिरवी उलटी म्हणजे आतडे अडल्याची शंका. घरी थांबायचे नाही, १०८ लावायचा.

आणि एक गोष्ट. आपल्या शेजारच्या मेळघाटात पोट फुगलेल्या लेकराच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके देण्याची रीत आहे, तिला डंबा म्हणतात. ज्या बाळाचे पोट आतडे अडल्याने फुगले आहे त्याला चटके दिले तर त्याचे आतडे मोकळे होत नाही. जखम मात्र होते, त्यातून जंतू जातात आणि मोलाचे तास निघून जातात. चटके कुठे दिले जात असल्याचे कानावर आले तर आशाताईला सांगा.

पहिले दोन दिवस

आता एका बाळाच्या मागोमाग चालू. समजा, घाटंजीच्या ग्रामीण रुग्णालयात पहाटे एक मुलगा जन्मला. अडीच-पावणेतीन किलोचा. नर्सबाईंनी अंग पुसताना पाहिले, जागा नाही, नुसती खळी आहे.

पहिली गोष्ट, त्याला तोंडाने काही द्यायचे नाही. खाली रस्ता बंद आहे, वरून दूध गेले तर पोट फुगेल आणि उलटी फुप्फुसात जाण्याची भीती. नाकातून एक बारीक नळी पोटात टाकतात, तिने पोटातली हवा आणि पाणी निघून जाते. ही नळी टाकताना ती पोटापर्यंत जाते ना हेही डॉक्टर पाहतात, कारण अशा काही बाळांची अन्ननलिकाही मध्येच बंद असते. सलाईन लागते, व्हिटॅमिन के चे इंजेक्शन दिले जाते. जन्माच्या वेळच्या लसी राहून जाऊ नयेत म्हणून तेवढे विचारून घ्यावे. मोठ्या दवाखान्याच्या घाईत त्या विसरल्या जातात.

दुसरी गोष्ट ऊब. प्रवासात बाळे थंडीने जास्त बिघडतात. डोक्यावर टोपी, पायात मोजे, आणि बाळाची प्रकृती पाहून डॉक्टर हो म्हणाले तर आईच्या किंवा बापाच्या उघड्या छातीवर, वरून पांघरूण. बापाची छाती आईइतकीच उबदार असते. आई टाके घातलेली, सलाईन लावलेली असेल तर बापाने किंवा आजीने हे काम करावे.

घाटंजीहून यवतमाळ. तिथे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष आहे. तिथे बाळ स्थिर करतात आणि लहान मुलांच्या शल्यचिकित्सकाची गरज असेल तर नागपूरला पाठवतात. यवतमाळ ते नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास. नागपूरची वाट आपल्याला दीक्षाभूमीमुळे पाठ आहे. त्याच गावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ज्याला सारे विदर्भ ‘मेडिकल’ म्हणतो. तिथे लहान मुलांच्या शस्त्रक्रियेचा वेगळा विभाग आहे. उमरखेड-महागावकडच्या लोकांना नांदेड जवळ पडते, वणीकडच्यांना चंद्रपूर. कुठे न्यायचे हे डॉक्टरांनी फोन करून ठरवावे, खाट मिळेल ना याची खात्री करून मगच गाडी हलवावी. तुम्ही तसा आग्रह धरू शकता. बाळाचे कागद आणि काढलेले एक्स-रे सोबत घ्या. आईचा रक्तगट लिहून घ्या.

घरात खरी परीक्षा होते ती याच वेळी. नागपूर म्हटले की घरात कुजबुज सुरू होते. ‘एवढा खर्च, एवढे हाल, जगेल तरी का?’ बाळ मुलगी असेल तर ही कुजबुज जरा मोठ्याने होते. मग कागदावर अंगठा देऊन बाळ घरी आणले जाते. घरी आणलेले ते बाळ दोन-चार दिवस पोट फुगून तडफडते आणि जाते. हे लिहायला बरे वाटत नाही, पण हे होते. वेळेत उपचार झालेली, सोबत हृदयाचा किंवा दुसरा मोठा दोष नसलेली बाळे बहुसंख्येने वाचतात हे त्या क्षणी घरातल्या एकाने तरी मोठ्याने सांगायला हवे.

आणि खर्चाचे म्हणाल तर जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली शासकीय दवाखान्यात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचा उपचार, औषधे, तपासण्या, रक्त मोफत आहे. एका दवाखान्यातून दुसऱ्यात नेण्याची आणि घरी सोडण्याची गाडीही मोफत आहे. १०२ आणि १०८ हे दोन नंबर त्यासाठीच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया बसते का हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. बाळाचे नाव रेशनकार्डात नसणारच, ते कालच जन्मले आहे. म्हणून आईवडिलांचे आधार, रेशनकार्ड आणि जन्माची नोंद घेऊन भेटा. पहिल्याने ‘होत नाही’ म्हटले तर समाजसेवा अधीक्षकांचे कार्यालय शोधा. ते मोठ्या शासकीय रुग्णालयात असते, पण पाटी बारीक असते.

ऑपरेशन : एक की तीन?

नागपूरला पोचल्यावर लगेच ऑपरेशन झाले नाही तर घाबरू नका. आतड्यातली हवा खालपर्यंत यायला साधारण १६ ते २४ तास लागतात. डॉक्टर तेवढे थांबतात, बाळाला पालथे, कुल्ले वर करून झोपवतात आणि एक्स-रे काढतात. त्यात आतडे कातडीपासून किती लांब थांबले आहे ते दिसते. मधल्या वेळात हृदयाची सोनोग्राफी, मूत्रपिंडाची सोनोग्राफी, पाठीच्या कण्याचा एक्स-रे होतो. या दोषासोबत तिथेही काही उणे असू शकते, म्हणून.

आतडे अगदी कातडीजवळ आले असेल तर एकाच छोट्या ऑपरेशनमध्ये जागा करून देतात. बाळ थोड्या दिवसांत घरी.

आतडे उंच थांबले असेल तर काम तीन टप्प्यांत होते. लोक म्हणतात, ‘पोटातून संडासचा रस्ता काढला’. डॉक्टर त्याला कोलोस्टॉमी म्हणतात. डाव्या बाजूला, बेंबीच्या खाली, आतडे पोटाबाहेर आणून त्याची दोन तोंडे कातडीला शिवतात. वरच्या तोंडातून शी येते, खालच्यातून थोडा पांढरट चिकट स्राव. हा झाला पहिला टप्पा. यामुळे पोट मोकळे होते, बाळ दूध पिऊ लागते, वाढू लागते. दोन-तीन महिन्यांनी, वजन नीट वाढल्यावर, खालच्या तोंडातून औषध सोडून एक्स-रे काढतात आणि मग मागच्या बाजूने खरी जागा तयार करतात, हा दुसरा टप्पा. ती जागा हळूहळू रुंद केल्यावर पोटावरची तोंडे बंद करून आतडे जोडतात, हा तिसरा. सगळे मिळून सहा महिने ते वर्ष धरून चाला.

बाळाच्या पोटावर आतडे पाहून बायाबापड्यांना भोवळ येते. म्हणून थोडा इतिहास सांगतो. १७९३ साली फ्रान्समधल्या ब्रेस्त या बंदराच्या गावी ड्युरे नावाच्या शल्यचिकित्सकाने असाच दोष असलेल्या तीन दिवसांच्या बाळाच्या पोटावर असा रस्ता काढून दिला. भूल देण्याचे औषध तेव्हा नव्हते, जंतूंची कल्पना नव्हती, पोटाला लावायच्या पिशव्या नव्हत्या. ते बाळ ४५ वर्षे जगले. मागून जागा तयार करण्याची आजची पद्धत मेक्सिकोच्या अल्बर्तो पेन्या यांनी घडवली आणि १९८२ मध्ये जगापुढे मांडली. स्नायू नेमके मध्यभागी उघडून, छोट्या विजेच्या झटक्याने ते कुठे आकसतात ते पाहून, आतडे बरोबर त्यांच्या मधोमध बसवायचे. आज जगभर, आणि आपल्या नागपुरातही, ऑपरेशन याच तत्त्वावर होते.

या काळात आईला विसरू नका. बाळाला दूध बंद असले तरी तिने दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, हाताने दूध काढत राहावे. नाहीतर बाळाला दूध सुरू करायची वेळ येईल तेव्हा पान्हा आटलेला असेल. पहिला पिवळा चीक फेकू नये. तो साठवून नंतर नळीने देता येतो का हे नर्सला विचारावे. आणि ती स्वतः ओली बाळंतीण आहे, तिला बसायला जागा हवी, दोन वेळचे जेवण हवे. वॉर्डाबाहेर जमिनीवर पडलेल्या बाळंतिणीला डबा नेऊन देणारा नागपुरातला एखादा नातेवाईक शोधा. नसला तर जवळच्या विहारात विचारा.

घरी येताना

पोटावरचा रस्ता चालू झाला, बाळ अंगावर प्यायला लागले, ताप नाही, की साधारण आठवड्याभरात सुट्टी मिळते. सुट्टीच्या आधी आईने आणि घरातल्या आणखी एका माणसाने स्वतःच्या हाताने पोटावरची जागा दोनदा तरी स्वच्छ करून दाखवावी. नर्सने करून दाखवले आणि आपण पाहिले, एवढ्यावर घरी येऊ नका.

चांगले तोंड ओठाच्या आतल्या भागासारखे लाल आणि ओलसर असते. त्याला हात लावल्याने बाळाला दुखत नाही. पुसताना रक्ताचा एखादा ठिपका आला तर घाबरायचे नाही. ते काळे, निळे किंवा फिकट पांढरे पडले, किंवा त्यातून शी येणेच थांबले आणि पोट फुगू लागले, तर रात्र असली तरी निघायचे. रडताना आतडे थोडे जास्त बाहेर येऊ शकते. लाल असेल, शी येत असेल तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना कळवा. रंग बदलला किंवा आत जाईना तर तेव्हाच.

सगळा झगडा असतो तो कातडीचा. शी सतत लागत राहिली की भोवतीची कातडी सोलवटते आणि मग बाळ रात्रभर रडते. स्वच्छ कोमट पाणी आणि मऊ सुती कापड, एवढेच लागते. डेटॉल नको, स्पिरिट नको, राख नको, हळद नको. पुसून नव्हे, टिपून कोरडे करा. मग झिंक ऑक्साईडचे मलम जाडसर लावा. पिशवी वापरत असाल तर तिच्या चकतीचे छिद्र तोंडापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठे कापा. चकतीखाली तेल किंवा मलम लागले तर ती चिकटत नाही. पिशव्या महाग पडतात, आणि लहान बाळाला त्यांच्याशिवायही चालते. जुन्या लुगड्याच्या, धोतराच्या मऊ घड्या करून वर ठेवायच्या, ओल्या झाल्या की बदलायच्या. साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवायच्या. यवतमाळात उन्हाचा दुष्काळ नाही.

आंघोळ घालता येते, तोंडातून पाणी आत जात नाही. मालिश हातापायांना करा, पोटाला नको. करदोडा आणि घट्ट लंगोट त्या जागेवर येऊ देऊ नका. सहा महिने फक्त आईचे दूध, पाणीसुद्धा नको. शी एकदम पाण्यासारखी आणि खूप होऊ लागली, बाळ मलूल झाले, लघवी कमी झाली, टाळू खोल गेली तर ते सुकते आहे. दूध चालू ठेवून लगेच दवाखाना गाठा. ताप आला तरी तसेच, कारण अशा काही बाळांना लघवीचा जंतुसंसर्ग होतो आणि त्याचे दुसरे लक्षण दिसतही नाही.

आशाताईच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतात. ही पद्धत आपल्या गडचिरोलीतूनच देशभर गेली आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले. पण आपले बाळ तिसऱ्या-सातव्या दिवशी नागपुरात असते, त्यामुळे आशाताईच्या वहीत त्या घरापुढे रिकामी रेघ पडते. घरी आल्या दिवशीच तिला निरोप द्या. वजन करून घ्या. दीड महिन्याच्या लसी वेळेवर द्या, पोटावरचा रस्ता लसीच्या आड येत नाही.

आता वासाचे. बाळ पाहायला लोक येतील आणि कुणीतरी नाकाला पदर लावील. कुणी म्हणेल, हे कसले, पोटातून हागते. आपल्या समाजाने हे नाकाला पदर लावणे पिढ्यान्‌पिढ्या सोसले आहे, ते आपणच आपल्या लेकराला करावे? विनयपिटकात एक प्रसंग आहे. पोटाच्या आजाराने एक भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडून होता आणि कुणी त्याच्याकडे पाहत नव्हते. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले. मग संघाला बोलावून त्यांनी सांगितले की ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी. त्या बाळाची घडी बदलणारी आजी नेमके तेच करते आहे. आणि आजोबाही करू शकतात, काकाही करू शकतात. आई मजुरीला परत गेली की दिवसभर घडी कोण बदलणार, हे आधीच ठरवा. नाहीतर शेतावरून दर दोन तासांनी पळत यायची पाळी तिच्यावरच येते.

नामकरण लांबणीवर टाकण्याचे काही कारण नाही. बाळाला नाव हवे, दवाखान्याच्या कागदावर ‘बेबी ऑफ’ किती दिवस लिहायचे? विहारात न्या किंवा घरीच त्रिशरण-पंचशील घ्या. झबले घातले की पोटावरचे कुणाला दिसत नाही, आणि उघडून दाखवा म्हणण्याचा हक्क पाहुण्यांना नाही.

दुसरे ऑपरेशन झाल्यावरचे जड काम

खरी जागा तयार झाल्यावर साधारण दोन आठवड्यांनी ती रुंद ठेवण्याचे काम सुरू होते. गुळगुळीत धातूची कांडी, डायलेटर म्हणतात तिला, जेली लावून दिवसातून दोनदा हळूच आत घालायची आणि काही सेकंद धरायची. दर आठवड्याला एक नंबर वाढवायचा. एक ते चार महिन्यांच्या बाळाला १२ नंबरपर्यंत, चार ते आठ महिन्यांना १३ पर्यंत असा साधारण हिशेब असतो, पण तुमच्या बाळाचा नंबर तुमचे डॉक्टरच सांगतील. बाळ रडते, आई रडते, आणि पुष्कळ घरी इथेच हात गळतात. ‘एवढेसे लेकरू, कशाला छळायचे’ म्हणून बंद केले की जागा आक्रसते आणि पुन्हा चिरावे लागते. आईला जमत नसेल तर आठ-पंधरा दिवस आत्याने करावे. दिवसाची वेळ ठरवून ठेवावी, म्हणजे रोज नव्याने धीर गोळा करावा लागत नाही.

तिसऱ्या ऑपरेशननंतर शी पहिल्यांदाच कुल्ल्यांच्या कातडीला लागते आणि दिवसातून बरेचदा लागते. कातडी लालबुंद होते. तेच झिंकचे मलम, तीच मऊ घडी, आणि थोडा वेळ लंगोट न लावता मोकळे ठेवणे. काही आठवड्यांत हे कमी होते. मग उलटीच अडचण येते, बद्धकोष्ठ. ही या मुलांची लांबची सोबतीण आहे. ‘होत नाही तर नाही’ म्हणून सोडून दिले तर आतडे फुगून सैल पडते. डॉक्टरांनी दिलेले पातळ औषध बंद करायचे नाही. वरचे अन्न सुरू झाल्यावर डाळ, भाजी, पिकलेले फळ, पाणी.

तीन वर्षांचे झाल्यावर पोराला शी कळेल का? हे दोष किती उंच होता आणि माकडहाडाच्या वरचे हाड किती नीट वाढले आहे यावर ठरते. खालच्या प्रकारात, आणि योनीच्या तोंडाशी उघडलेल्या मुलींमध्ये, बहुतेकांना ताबा येतो. उंच प्रकारात काहींना पूर्ण येत नाही, चड्डी खराब होत राहते. अशा मुलांसाठी रोज ठरावीक वेळी एनिमा देऊन दिवसभर कोरडे ठेवण्याची पद्धत आहे, आणि ती शिकून मुले बिनधास्त शाळेत जातात. शाळेत घालण्याआधी हे डॉक्टरांशी बोला. एका शिक्षिकेला विश्वासात घेऊन सांगून ठेवा, दप्तरात एक जादा चड्डी असू द्या. मार देऊन या मुलांना ताबा येत नाही.

आणि दवाखान्याची फाईल. पहिला एक्स-रे, तिन्ही ऑपरेशनचे कागद, हृदयाचा आणि मूत्रपिंडाचा रिपोर्ट हे सारे जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पावसाळ्यात पत्रे गळतात त्या कोपऱ्यापासून दूर, ट्रंकेत ठेवा. मोबाईलमध्ये फोटो काढून घरातल्या दोघा-तिघांना पाठवून द्या. मुलगी असेल तर हे कागद तिच्या लग्नानंतरही तिच्याजवळ असू द्या. पंचवीस वर्षांनी ती बाळंत होईल तेव्हा साधे बाळंतपण करायचे की सिझेरियन, हे ठरवताना डॉक्टर पहिल्यांदा तेच मागतील.